दोन मेणांचा साटा

देवासच्या टेकडीपासून धारच्या किल्ल्यापर्यंत आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. असे दोघे एका घरात राहिले असते तर दाराची कडी कोणी उघडलीच नसती. मी धारहून इंदूरला बस बदलून देवासला त्यांच्याकडे पोहोचायची, तर 'कशी आहेस' राहिलं बाजूला, आधी 'खिडकीशी बसली नव्हतीस ना?' गॅस, पाल, इस्तरी, चालू पंखा, बंद पंखा, सगळ्याचं भय. आत्या म्हणायची, "यांच्या पत्रिकेत नवही ग्रह घाबरून एकाच घरात बसलेत."

नोकरी त्यांनी तेलाच्या कारखान्यात केली, तिथल्या प्रयोगशाळेत. तांदळाच्या कोंड्याचं आणि सूर्यफुलाचं तेल थंडीत गढुळतं, म्हणून त्यातलं मेण काढून टाकतात. ते झालं की नाही हे तपासायचं त्यांनी. हे मेण दाण्याच्या सालीतलं, मेणबत्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे पाहुण्याने चहाचा कप उचलायच्या आत ते सांगून टाकत.

पुढे आत्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तूप आणि डालडा बंद केला, आणि आतोबांच्या सगळ्या फुटकळ भीत्या एका जागी गोळा झाल्या. ती दुपारी आडवी झाली की हे तिच्या नाकापुढे बोट धरून बसत. तिने डोळे उघडले की म्हणत, "माशी होती."

आत्याने सगळं सोसलं, पण दिवाळीच्या तोंडावर म्हणाली, "वर्षाचा एक चिरोटाही नसेल, तर मला ठेवलंय कशाला?" आतोबा पांढरेफटक. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये साटा लावायचा असतो, तूप किंवा डालडा तांदळाच्या पिठीत फेसून. तेलाचा साटा वाहून जातो, पदर सुटत नाहीत. तेव्हा ज्या माणसाने जन्मभर तेलातून मेण काढवलं, तो घरी बसून ते परत घालायला लागला.

कारखान्यातलं नको, त्यात गाळणीची माती असते, म्हणून खाण्याजोगं शुद्ध मेण ओळखीने मुंबईहून आणवलं. नुसतं कोंड्याचं घातलं की तेल रवाळ व्हायचं. नुसतं सूर्यफुलाचं घातलं की बसायचं घट्ट, पण कडेने तेल पाझरायचं. दोन्ही थोडी थोडी गरम तेलात विरघळवून, न हलवता निवू दिली, की तेल दह्यासारखं जमायचं. तोवर घरात मिक्सर बंद, पाट सरकवणं बंद. शेजारी कडी वाजवायला आले तर हे दारात हात जोडून उभे. "भिया, धीरे. तेल जम रहा है." पहिला चमचा त्यांनी स्वतः खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत आपलीच नाडी धरून बसले.

चिरोट्यांच्या दिवशी मीही तिथे होते. आतोबा सुनेला म्हणाले, "सूनबाई, या डब्यात मेण घातलंय, जपून." सून धामनोदची, हिंदी शाळेत शिकलेली. तिने ऐकलं 'मोयन', म्हणजे आपलं पिठात घालायचं मोहन. तिने आख्खा डबा कढईत उलटा केला, कडकडीत तापवला आणि मैद्यात ओतला. "पापाजी, आपने ही तो मोयन बोला," म्हणून ती रडवेली झाली. साट्याला बोटभरही उरलं नाही.

"जाऊ द्या," आत्या म्हणाली, "थोडा डालडा लावते. एका चिरोट्याने काय मरत नाही मी."

आतोबा तिथेच चौकटीला टेकून खाली बसले. "असं नको गं बोलू," म्हणाले, "मला फार भीती वाटते." जन्मभर घाबरणाऱ्या या माणसाने तसं तोंडाने कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्याने गॅस पेटवला आणि म्हणाली, "उठा, आणा तुमची ती मेणं. निवेपर्यंत मी जागची हलत नाही."

दोघं त्या पातेल्याशेजारी न हलता बसून राहिली. दुपारी चिरोटे झाले, पदर सुटले. आत्याने त्यांच्यादेखत दोन खाल्ले आणि नंतर मला हळूच म्हणाली, "टाळूला चिकटतं गं मेलं. बोलू नकोस त्यांना." पुढच्या सगळ्या दिवाळ्या तिने ते तसंच निमूटपणे खाल्लं.

ती गेली ती हृदयाने नाही, साध्या तापाने. तापाला घाबरायचं आतोबांना सुचलंच नव्हतं.

त्यानंतर मी देवासला गेले, तर ते बसस्टँडसमोर एका गाडीवर उभे राहून कचोरी खात होते. मी विचारलं, "आतोबा, कशात तळलीय ते विचारलंत का?"

"कशाला?" ते म्हणाले. हात पँटला पुसले आणि इकडे तिकडे न बघता भर रहदारीत चालायला लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. दोन्हीकडे दोनदा बघितल्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल टाकू दिलं नाही.