फाळका बघा, भावजी

वैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपुरात एका गॅरेजवर होतो आणि माझी पिकअप जॅकवर चढवलेली होती. क्लचप्लेट जळाली होती. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. 'वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन येतो' असं सांगून सकाळी बाहेर पडलो होतो, कारण माझी गाडी बिघडली हे वैनीच्या कानावर गेलं असतं तर पुढचा महिनाभर मला अंगणातून ताठ मानेनं चालता आलं नसतं. फोन पुतण्याचा, विनायकचा. "काका, आई गेली..." अंगणातल्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या, छातीत कळ आली आणि बसल्या जागी आडव्या झाल्या. दवाखाना गाठायला वेळच मिळाला नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता क्लचप्लेटचं ह्यांना कधीच कळायचं नाही. त्यानंतर मात्र मी गॅरेजच्या पायरीवर खाली बसलो. मिस्त्रीनं मला आपल्या मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, शालन. कृष्णाकाठी आमचं गाव. दोघा भावांची घरं एका अंगणात, मळा एकत्र. वांगी, ढबू मिरची, काकडी पिकवायची, दुपार कलली की क्रेट भरायचे आणि रात्रीपर्यंत कोल्हापूरच्या मार्केटात पोचवायचे, म्हणजे पहाटेच्या सौद्याला माल हजर. दादाला गाडी कधी जमली नाही. तरुणपणी एकदा स्टिअरिंग हातात घेतलं आणि सरळ उसाच्या फडात घातली, तेव्हापासून त्यानं गाडीचं नाव टाकलं. मग माल वाहायचं काम माझ्याकडं आणि वैनीकडं. दोघांच्या दोन पिकअप, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. कंपन्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. दोन्ही कंपन्यांनी आम्हाला साधं कॅलेंडरसुद्धा कधी दिलं नाही, मग त्यांची फुकट जाहिरात मी का करू? माझी गाडी उंच, दणकट, चढाला न दमणारी. वैनी तिला उंट म्हणायच्या. त्यांची गाडी बुटकी, रुंद, जमिनीलगत बसलेली. तिला मी बदक म्हणायचो. पुढं पुढं गावात सगळे हीच नावं घ्यायला लागले. 'उंट गेला का? बदक आलं का?' असं लोक रस्त्यात विचारायचे.

माझा राग काय होता ते आधी सांगतो. वैनीला गाडी शिकवली कुणी? मी. कशावर? उंटावर. मळ्यातल्या वाटेवर, गिअर टाकताना त्यांचे हाल, माझे हाल आणि बांधावर बसून हसणारा दादा... लायसन्स काढायला मी बरोबर गेलतो. आणि स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा ह्या बाईनं माझी कंपनी सोडून दुसरीच धरली! गुरूला असं कोण करतं? आजही आठवलं की मला चीड येते, आणि ती येऊ दे, मी ती आवरणार नाही.

गाडी घ्यायला कोल्हापूरला निघालो तर वैनीनं बरोबर शेवंताबाईंना घेतलं आणि वांग्यांनी भरलेला एक क्रेट घेतला. शेवंताबाई आमच्या मळ्यात तोडायला आणि भरायला येणाऱ्या बायकांतल्या थोरल्या. मी म्हटलं, "वैनी, शोरूमला चाललोय नव्हं? का बाजाराला?" पहिल्या शोरूमात म्हणजे माझ्या कंपनीच्या शोरूमात पोरगं इंजिनाबद्दल बोलायला लागलं, तेही माझ्याकडं आणि दादाकडं बघून. वैनी सरळ गाडीच्या मागं गेल्या. हौद्याचं मागचं दार, ज्याला आम्ही फाळका म्हणतो, तो पाडायला लावला. शेवंताबाईंना म्हणाल्या, "उचला आनि ठेवा वर." शेवंताबाईंनी क्रेट उचलला, छातीपर्यंत नेला, आणि वर ढकलताना त्यांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. वैनी खाली उकिडव्या बसून त्या टाचाच बघत होत्या. "न्हाय जमायचं," म्हणाल्या आणि पदर खोचून बाहेर. दुसऱ्या शोरूमात तसंच. तिथलं पोरगं काकुळतीला आलं, "मॅडम, आधी इंजिन तरी बघा." वैनी म्हणाल्या, "इंजिन तुमी बघा की. मला फाळका बघायचा हाय." तिथं शेवंताबाईंच्या टाचा भुईला टेकलेल्या राहिल्या. झालं. तेवढ्यावर गाडी पसंत! परतीच्या वाटेवर मी रिसेल सांगितला, चढ सांगितला, पुराचं सांगितलं. "पोट घासंल ह्या गाडीचं," म्हटलं. "घासू दे," म्हणाल्या, "पोट घासलं तर रस्ता खराब, गाडी न्हवं. फाळका बघा, भावजी, फाळका."

हे 'फाळका बघा' मग जन्माला पुरलं. मी काहीही बोललो की उत्तर तेच. उंट चढाला कसा पळतो हे सांगायला लागलो की, "पळू दे की. भरल्यावर पळणार नव्हं? आधी भरू तरी दे." आणि हे रोज मला डोळ्यांनी बघावं लागायचं. दोन्ही गाड्या मळ्याच्या तोंडाशी उभ्या. बायका बदकात क्रेट अशा ठेवत सुटायच्या की जणू चुलीवरची भाकरी टोपल्यात टाकतायत. माझ्याकडं एकीनं खालून द्यायचा, दुसरीनं हौद्यात उभं राहून वर ओढायचा, मध्येच एखादा क्रेट कलंडायचा आणि वांगी धुरळ्यात. वैनीची गाडी नेहमी आधी भरायची. मग त्या माझ्या गाडीशेजारून जाताना दोनदा हॉर्न वाजवायच्या. पॉ, पॉ. रस्ता मोकळा असला तरी. त्या दोन हॉर्नांनी माझं डोकं असं फिरायचं की काय सांगू. पुढं मोठ्या रस्त्याला मी त्यांना गाठायचो, मागं टाकायचो, हात बाहेर काढून टाटा करायचो, आणि मार्केटात पोचल्यावर परत तेच, माझा माल उतरायला हमाल कुरकुरणार आणि वैनी तोवर मोकळ्या होऊन चहाच्या गाड्यावर.

पूर आला त्या वर्षी मात्र माझा दिवस आला असं मला वाटलं. पाणी वाढायला लागलं तसा मी म्हटलं, आता बघू बदक काय करतंय. उंट पाण्यातून चालतो हो! लोकांना बाहेर काढायला उंट लागणार, हे मला दिसत होतं. आणि खरंच लागला. गल्लीत पाणी शिरल्यावर म्हातारीकोतारी माणसं, शेळ्या, गाद्या, सगळं घेऊन मी पाण्यातून गाडी काढली, बॉनेटपुढं लाट उठत होती, गावातली पोरं ओरडत होती. छाती फुगवून जयसिंगपूरला शाळेत पोचलो तर वैनी तिथं आधीच! आदल्या दिवशी, पाणी अजून घाटाच्या पायऱ्यांवर होतं तेव्हाच त्यांनी शेवंताबाईंची आळी, त्यांची पोरं, शिधा, स्टोव्ह, सगळं भरून बदक काढलं होतं. मला चहाचा कप देत म्हणाल्या, "माझी गाडी बुटकी हाय म्हणून मी लौकर निघालो, भावजी. तुमी उंटाच्या जिवावर पाणी बघत बसलासा." मी म्हटलं, "पण आज उंट नसता तर?" त्यावर म्हणाल्या, "व्हय की. आज उंटच पायजे होता. पण पूर कधीतरी येतो, क्रेट रोज भरायचं असत्यात." एवढी एकच वेळ त्यांनी उंटाला बरं म्हटलं, आणि तेही अर्ध्या वाक्यात परत काढून घेतलं.

रक्षाविसर्जनाला माणूस लई आलं होतं. आणि जिथं माणूस तिथं जीभ. कुणीतरी मागं कुजबुजलं, 'बाईमाणसानं एवढी गाडीची दगदग करायची म्हणजे...' मी तिथल्या तिथं वळलो. नदीच्या काठावर, राखेची घमेली समोर असताना, मी मोठ्यानं म्हटलं, "गाडीनं न्हेलं न्हाय त्यास्नी. गाडी चालवली म्हणून इतकी वर्षं आनंदात जगल्या त्या. पुन्हा असं बोलायचं न्हाय." माझा आवाज चढला होता, लोकांनी मला बाजूला घेतलं. बरं, त्यातल्याच एका शहाण्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता तरी मोठ्या मनानं म्हना, वैनींचीच गाडी भारी होती." मी त्याचा हात काढून टाकला. का म्हणून म्हणू? माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर होतं म्हणून टाकायचं, म्हणजे त्याच्याशी बोलणंच संपवायचं. मी हरलो म्हटलं असतं तर वैनीनं मला वरून शिव्या घातल्या असत्या. माझी गाडीच भारी. आजही लिहून देतो.

पण खरी कसोटी पुढं आली. दिवसकार्य उरकल्यावर विनायक माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, आईची गाडी काढून टाकूया. आता चालवणार कोण? तिच्या पैशात थोडी भर घालून तुमच्या कंपनीची नवीन घेऊ. तुमीच म्हणत होता की हिला पुढं कोण विचारणार न्हाय." पोरगं चुकीचं काय बोललं? माझंच सगळं आयुष्यभराचं मला ऐकवलं. मी 'बघू' म्हटलं. दोन दिवसांत गाडी बघायला जयसिंगपूरकडचे एक पावणं आले. विनायकनं मलाच पुढं केलं, कारण गाडीतलं मला कळतं. शेवंताबाई आणि इतर बायका बांधावर बसून बघत होत्या. दादा ओट्यावर, वैनी बसायच्या तिथंच.

पावण्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सुरू झाले. "लई बसकी हाय वो. पोट घासंल." मी म्हटलं, "पोट घासलं तर रस्ता खराब. गाडी न्हवं." "चढाला दमंल." "दमू दे की. आपल्याला आजऱ्याच्या डोंगरात विमान न्ह्यायचं हाय काय?" "ह्या कंपनीला रिसेल कुठं हाय?" आता मात्र माझा पारा चढला. हे सगळे माझे मुद्दे होते, एकेक मीच घासूनपुसून ठेवलेला, आणि हा परका माणूस आमच्या अंगणात उभा राहून ते वापरत होता! मी फाळका पाडला. शेवंताबाईंना हाक मारली, भरलेला क्रेट उचलून ठेवायला लावला. "टाचा बघा, पावणं," म्हटलं, "सुटल्या का भुईवरनं? माल इंजिन भरत न्हाय, बायका भरत्यात. रोज. त्यांच्या कमरा शाबूत तर तुमचा मळा शाबूत..." मी किती वेळ बोललो कुणास ठाऊक. थांबलो तेव्हा पावणं खाली उकिडवे बसून टाचा बघत होते. उठले आणि म्हणाले, "पटलं. घेतली गाडी." आणि फोन काढला बयाणा पाठवायला.

मी म्हटलं, "विकायची न्हाय."

"आँ? अवो आत्ता तर एवढी वाखाणलासा!"

"वाखाणली म्हणूनच. चहा घ्या आनि जावा."

पावणं चहा न घेता गेले. विनायक भडकला. "काका, जन्मभर बदकाला शिव्या घातल्यासा तुमी!" मी म्हटलं, "घातल्या. उद्या बी घालणार. पण शिव्या घालायला गाडी दारात पायजे का नको?" मग मी आणखी मोठ्यानं ओरडलो. "आनि ही गेली तर ह्या बायकांनी काय रोज टाचा वर करून क्रेट चढवायचं? तुझ्या आईनं एवढ्यासाठी घेतली ती. चालवणार कोण म्हणून इचारतोस? मी चालवणार. तू उंट घे." बांधावरून शेवंताबाई म्हणाल्या, "लई ब्येस." सगळे दादाकडं बघायला लागले. दादा वैनी गेल्यापासून कुणाशी धड बोलला नव्हता. ओट्यावरून उठला, पडलेला फाळका दोन्ही हातांनी उचलून लावला, कडी घातली, आणि म्हणाला, "राहू दे दारात."

तर आता मी बदक चालवतो. गावात लोक हसतात. 'काय वो, शेवटी पाण्यात पडलासाच!' म्हणतात. हसू देत. बसकी आहे, चढाला दमते, वळणावर रुंद पडते, मी ज्या ज्या खोडी सांगत होतो त्या सगळ्या खऱ्या निघाल्या आणि त्या मी रोज शेवंताबाईंना मोठ्यानं सांगतो. त्या म्हणतात, "बरं, बरं."

पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या मळ्याच्या तोंडाशी लावल्या. क्लचप्लेट नवी टाकलेला माझा उंट, त्यात विनायक. बायकांनी बदक भरलं, मी सीटवर चढलो. उंट अजून अर्धा रिकामा, विनायक हौद्यात उभा राहून घामाघूम क्रेट ओढत होता. मी शेजारून गाडी काढली. रस्ता सगळा मोकळा होता, हॉर्नची काही गरज नव्हती. पण हात गेला. पॉ, पॉ.

उंटात क्रेट देणाऱ्या बायकांचे हात थांबले. विनायक क्रेट तसाच धरून उभा राहिला, माझ्याकडं बघत. मला वाटलं, चुकलं आपलं, पोराला लागलं... मी ब्रेक दाबला. तेवढ्यात तो हौद्यातूनच घसा खरवडून ओरडला, "मोठ्या रस्त्याला गाठतो, थांबा! गाडी माझीच भारी हाय!" त्याचे डोळे वाहत होते, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

इतकी वर्षं जे वाक्य मी म्हणत आलो ते आज माझ्याच अंगावर आलं. उत्तर तर द्यायलाच पाहिजे होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "आधी फाळका बघ, फाळका!"