बारामती ते कळंब: सीट स्प्रिंगची की साधी?

सायलीचं बोट सीटच्या स्प्रिंगमध्ये चिमटलं आणि मी तिच्याकडे न बघता सायकलला लाथ घातली, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

बारामतीत कालव्याकडेच्या रस्त्यानं चाललो होतो. ती मागं कॅरिअरवर, दोन्ही हातांनी सीटखालच्या स्प्रिंगा धरून. आमच्याकडे डबलसीट बसणारा तिथंच धरतो. खड्डा आला, मी आदळलो, स्प्रिंग मिटली, ती ओरडली. मी उतरून सायकलला, खड्ड्याला, रस्ता करणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. वळून बघतो तर ती रुमालात बोट गुंडाळून पार पुढं चालत गेलेली.

तेव्हापासून तिचा फोन बंद. मग कळलं, कॉलेजला सुट्टी लागली आणि ती कळंबला आत्याकडे गेलीय. (मी स्वतः कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडलं. सरांशी वाजलं होतं. तिथंही दार आपटूनच बाहेर पडलो.)

मी ठरवलं, स्प्रिंगची सीट काढायची, साधी बसवायची आणि त्याच सायकलवर कळंबला जाऊन तिला दाखवायची.

आमच्या पेठेत शफीचाचा सायकली दुरुस्त करतात. त्यांनी दोन्ही चामडी सीट फळीवर शेजारी ठेवल्या. एक माझी जुनी, रुंद, मागं दोन जाड स्प्रिंगा. दुसरी नवी, निमुळती, खाली नुसती लोखंडी सळई.

"हँडल खाली असलं, वाकून चालवणारा असला, तर साधी बरी," चाचा म्हणाले. "निम्मं वजन हातावर जातं, पायाचा जोर वाया जात न्हाय. पण तू बसतोस ताठ. ताठ बसणाऱ्याला स्प्रिंग लागती, विक्रम."

"मला साधीच पायजे."

"घे बाबा. चामडं हाय, धा-बारा महिन्यांत तुझ्या अंगाला बसंल. तवर तुलाच त्याच्या अंगाला बसाय लागंल."

अडीच हजार गेले. जुनी सीट पिशवीत घालून घरी आणली.

सकाळी सहाला निघालो. कळंब पस्तीसेक किलोमीटर. थंडीत जाणार असाल तर उजाडतानाच निघा, कारण नंतर उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात. दोन्हीकडे उसाला तुरे आलेले आणि धुकं त्या तुऱ्यांवरच थांबलेलं, खाली रस्त्यावर उतरतच नव्हतं. मी पाण्याच्या तळातून सायकल चालवतोय असं वाटत होतं. मागचं कॅरिअर रिकामं, तरी मी प्रत्येक खड्डा चुकवत होतो. उगीच.

भवानीनगर यायच्या आधी कारखान्याचा वास येतो, मळीचा, गोड आणि आंबूस. तिथं टपरीवर चहा दहा रुपये, वडापाव वीस. मी उभ्यानंच खाल्लं. बसायची सोयच राहिली नव्हती. एक ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघून हसला.

"पाव्हणं, बसा की!"

"नको, बरंय."

"सीट नवी दिसतीया. आमच्या ट्रॅक्टरचीबी पयल्यांदा अशीच हुती. मग पोतं टाकलं."

एरवी मी भडकलो असतो. त्या दिवशी पोतं मागितलं. त्यानं दिलं, वर उसाचं एक कांडंही दिलं.

पुढं रस्ता ठिगळाठिगळांचा आहे. स्प्रिंगा असत्या तर ही ठिगळं त्यांनी गिळली असती, साध्या सीटवर एकेक मोजता येतं. पण सपाट पट्टा लागला की सायकल अशी पळते, की पाय आपले नाहीतच. त्या पट्ट्यावर मी सायलीशी सगळं बोलून घेतलं. ती सगळ्याला हो म्हणाली.

कळंबात आत्याची पिठाची गिरणी आहे. सायली जात्यापाशी उभी होती. केसांवर, भुवयांवर पीठ. मला बघून तिनं डब्यातलं दळण ओतलं आणि गिरणी चालू केली. त्या आवाजात बोललेलं तिसऱ्याला ऐकू जाईना.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र ओरडून विचारलं, "पाव्हणं, दळण कुठाय तुमचं?"

"त्यांचं मागं ऱ्हायलंय, तात्या!" सायलीच ओरडली. मग मला हळू, "कशाला आलास?"

"सीट बदलली. बघ. आता बोट चिमटायचं न्हाय."

तिनं दारातूनच सायकल बघितली.

"सीटनं काय केलं हुतं? मी रडत हुते आन् तू सायकलशी भांडत हुतास. बोट बघितलंस का माझं?"

मी म्हणालो, "आता दाखव."

तिनं पीठ पुसून बोट पुढं केलं. नख वरून काळं होतं, मुळाशी नवं, गुलाबी आलेलं. मी बघत राहिलो. दळण संपत आलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. गिरणीच्या आवाजात ते मलाच नीट ऐकू आलं नाही. तिला आलं.

"आन् हे काय आणलंस? ह्याला धरायचं कुठं?"

"म्हणजे?"

"तुझा शर्ट धरून हिंडू व्हय गावातनं? स्प्रिंगला धरलं तर कुणी काय म्हणत न्हाय." ती पिठाकडं बघत बोलली. "मंगळवारी कॉलेज चालू हाय. सोमवारी दुपारच्या एसटीनं बारामतीला उतरणार मी."

गिरणी बंद झाली. तात्यांनी डबा उचलला.

परतीचा वारा तोंडावर होता, पोतं घसरत होतं, तरी रस्ता लवकर संपला. तुम्ही एकटे लांब जात असाल, हँडल खाली असेल, तर खुशाल साधी सीट घ्या. माझ्या कमरेवर जाऊ नका.

सोमवारी सकाळी मी जुनी सीट पुन्हा बसवली. दोन्ही स्प्रिंगांवर जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आणि फटीत स्वतःचं बोट घालून सीट दाबून बघितली. तीनदा. नवी सीट खुंटीला टांगली.

"कुठं निघालास?" दुपारी आईनं आतून विचारलं.

"स्टँडवर."

सायकल उंबऱ्याबाहेर काढली, मागं वळलो आणि दार हळूच ओढून घेतलं.