डेझीची खोली

आनंदराव ठवरे घरात दोन भाषा बोलत. बायकोपोरांशी नागपुरी आणि डेझीशी इंग्रजी. 'सिट', 'कम हियर', 'नो नो डार्लिंग'. डेझी म्हणजे त्यांची अल्सेशियन कुत्री. तिला मराठी कळत नाही, असं ते अभिमानानं सांगत. तुळसाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही डार्लिंग म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मी शेजारीण, शाळेत मास्तरीण, आणि आमच्या दोन घरांमधली भिंत चांगली पातळ होती.

नागपूरच्या सदर भागात, मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. नोकरी सरकारी कचेरीत चपराशाची. घंटी वाजली की उठायचं. पण एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना त्यांना एक कुत्री दिली होती, आणि तिच्यापासून आनंदरावांनी पैदास सुरू केली. डेझी ही चौथी पिढी. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत त्यांची पिल्लं जात. ज्या साहेबांना ते चहा नेऊन देत, तेच साहेब रस्त्यात गाडी थांबवून विचारत, "आनंदराव, आमचं पिल्लू कधी?" त्या दिवशी हा माणूस घरी येताना दोन इंच उंच दिसे. पैशापेक्षा त्यांना त्या 'आनंदराव'ची गोडी होती. कचेरीत तर त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे.

डेझीसाठी नर पाहायला ते इस्त्रीचा कोट घालून जात. समोरच्याचे दात, चाल, आजोबा-पणजोबा, सगळं विचारून घेत. स्वतःच्या थोरल्या मुलीचं स्थळ पाहायला मात्र त्यांनी मेहुण्याला पाठवलं होतं. मला या माणसाचा राग यायचा, तो काय उगीच नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कुत्र्यांच्या पैदाशीचा नवा कायदा आला. डेझीचे दिवस भरत आले होते. आनंदराव त्या कायद्याचा कागद घेऊन मला बोलवायला धावत आले. मी त्यांच्याच दारात बसून मोठ्यानं वाचायला लागले. तुळसाबाई आत तांदूळ निवडत होत्या.

"एका वेतानंतर वर्षभर दुसरं वेत होऊ देऊ नये."

तुळसाबाईंचा हात थांबला. "हे कोणासाठी आहे, बाई?"

"कुत्रीसाठी."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. सात वर्षांत पाच बाळंतपणं झालेली ती बाई डोळे मिटून ऐकत होती.

पुढे होतं की व्यायलेल्या कुत्रीला दहा बाय दहाची स्वतंत्र, हवेशीर खोली हवी, उन्हाळ्यात तिथे थंडाव्याची सोय हवी आणि त्या खोलीत माणसानं झोपू नये. हे जमत नसेल तर लायसन नाही, आणि विनालायसन पैदास करणाऱ्याची कुत्री उचलून नेणार. पिल्लं विकायचीच नसतील, तर मात्र एक कुत्री घरात साधी पाळायला हरकत नाही.

"साधी?" आनंदराव कडाडले. "माही डेझी साधी? अन् एका खोलीत एकटी कुत्री? आमी सात जण एका खोलीत निजून राहिलो, त्याले नाही कोणी कायदा केला!"

"तेच म्हणून राहिली मी," तुळसाबाई म्हणाल्या. पण त्यांचं कोण ऐकतो!

आनंदरावांनी लायसनसाठी अर्ज केला आणि आठवड्यात मागची खोली रिकामी झाली. ट्रंका, पिंप, शिवणाची मशीन, सगळं पुढच्या खोलीत आलं. आनंदरावांनी कुठूनसा जुना लोखंडी कूलर आणला, नवा वाळा भरला आणि खिडकीत बसवला. आमच्या गल्लीतला तो पहिला कूलर, आणि तो एका कुत्रीसाठी. घरात पोरं नव्हती, मामाकडे भिवापूरला गेली होती, म्हणून निदान भांडणं तरी झाली नाहीत.

आता नागपूरचा मे महिना. दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. पहिल्याच दुपारी आनंदराव कचेरीत गेल्यावर तुळसाबाई डेझीला पाणी द्यायला मागच्या खोलीत गेल्या आणि तिथेच आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी कुरडयांचं निमित्त काढून गेले. खोटं कशाला बोलू, कुरडया मी घरी विसरले होते. चौथ्या दिवसापर्यंत आम्ही गल्लीतल्या पाच जणी झालो. डेझीनं कुणालाच हरकत घेतली नाही. ती तुळसाबाईंच्या पोटाशी पसरत असे.

आणि एका दुपारी दोन वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या लायसनच्या इन्स्पेक्टरला खोली दाखवायला घेऊन आनंदराव घरी आले. मागच्या खोलीचं दार उघडलं. वाळ्याचा गार वास, पाच बायका गाढ झोपलेल्या, मधे कुत्री.

"ही खोली कुत्रीची का बायकांची?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

आम्ही चौघी पदर सावरत भिंतीला चिकटलो. तुळसाबाई नुसत्या उठून बसल्या.

"लायसन मिळत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "माणसं झोपून आहेत. कुत्री न्यावी लागते."

"अवं, बाहेर हो ना!" आनंदराव हात जोडायचेच बाकी होते. "तुह्यापायी डेझी जाते माही!"

तुळसाबाई जागच्या हलल्या नाहीत. आवाजही चढला नाही.

"बावीस उन्हाळे मी ओलं लुगडं पांघरून झोपली," त्या म्हणाल्या. "पाचही लेकरं त्या पुढच्या खोलीत झाली, तीन तर याच मयन्यात. सरकारले कुत्रीची कीव आली. तुमाले माही काहून नाही आली?"

 आनंदराव बायकोकडे पाहत राहिले. मग डेझीकडे. मग पुन्हा बायकोकडे. घाम तर त्यांना आधीपासूनच होता, पण डोळे तेव्हा भरून आले, ते मी पाहिलं. आता हे भांडतील म्हणून मी तयारच होते.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "खोली माह्या बायकोची आहे. कुत्री साधी आहे. पैदास बंद."

"आणि पोटातली पिल्लं?"

"फुकट देतो."

"नीट विचार करा आनंदराव. सिव्हिल लाइन्सवाले मग विचारणार नाहीत तुम्हाला."

"नाही विचारत तं नाही."

 वीस वर्षांचा मान त्यांनी एका वाक्यात खाली ठेवला होता. इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा आवडला. इन्स्पेक्टरनं अर्जावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'घरगुती कुत्री, एक.'

आता तुळसाबाई रडतील, काहीतरी बोलतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्या पुन्हा आडव्या झाल्या, डेझीला थोडं सरकवलं आणि म्हणाल्या, "अजी, दार लोटा. थंडी हवा बाहेर जाऊन राहिली."