सहदेवनचं स्टूल

कणारनला कुणी विचारलं, किती शिकलास, तर तो सांगायचा, "चौथी." आणि लगेच उलटा विचारायचा, "तुम्ही?" समोरच्यानं बी.ए. सांगो की एम.ए., पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती? समोरचा डोकं खाजवायचा. कणारन मान खाली घालून विड्या वळत राहायचा आणि चार-पाच विड्या झाल्यावर उपकार केल्यासारखं सांगायचा, "काँगो."

लोक त्याला बढाईखोर म्हणायचे. म्हणू देत. बढाई मारायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. कणारनच्या डोक्यात जे होतं ते कन्नूरच्या कुठल्या कॉलेजात फी भरून मिळत नव्हतं.

ते त्याला पुत्तनकडवूच्या विडी शेडमध्ये मिळालं, आणि तेही कानांनी. शेडमध्ये चाळीस माणसं ओळीनं बसायची, प्रत्येकाच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. समोर एक उंच स्टूल आणि त्या स्टुलावर वाचक. विडी कामगाराचे हात आणि डोळे कामात अडकलेले, कान मात्र रिकामे, म्हणून केरळातल्या त्या मुलखात शेडमध्ये वाचक ठेवायची रीत. वाचक विडी वळत नाही, तो वाचतो. त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे आपापल्या सुपातून थोड्या थोड्या काढून देतात. सकाळी तीन वर्तमानपत्रं, जेवणानंतर वाचनालयातलं पुस्तक. ते ज्वालामुखीवरचं असो, आगगाडीच्या शोधावरचं असो की शुक्र हा सगळ्यात तापलेला ग्रह का, यावरचं असो. चाळीस माणसं खाली मान घालून ऐकायची.

शेडचा नियम एकच. कुणी "पुन्हा" म्हणालं की वाचकानं ती ओळ पुन्हा वाचायची. का, कशाला, असं विचारायचं नाही. फुटबॉल आणि हॉकी म्हणजे जीव असलेल्या मम्मदनं एकदा बर्लिन ऑलिंपिकची ओळ, भारतानं जर्मनीला आठ-एक हरवलं ती, सात वेळा वाचून घेतली होती. त्याला ती पहिल्याच खेपेला कळली होती, पण गोड लागली म्हणून.

आणि तो वाचक कोण? कणारनचा धाकटा भाऊ सहदेवन. सात वर्षांचा असताना विषूच्या सणात फटाका हातात फुटला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्या हातानं विडी वळली जाणार नव्हती, नांगर धरला जाणार नव्हता, ताडावर चढता येणार नव्हतं. दुसऱ्या वर्षी बाप गेला. कणारन तेव्हा अकरा वर्षांचा. त्यानं शाळेची पाटी धाकट्याच्या हातात दिली आणि स्वतः सूप मांडीवर घेतलं. धाकटा दहावी झाला. ज्या दिवशी सहदेवन पहिल्यांदा त्या स्टुलावर बसला त्या दिवशी कणारननं सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा आणि केळ्याची भजी दिली, आणि सांगितलं की आता या शेडमध्ये कलेक्टर आला तरी त्यानं माझ्या भावाच्या समोर, खाली बसायचं.

सव्वीस वर्षं सहदेवननं वाचलं आणि कणारननं साठवलं. वाचनालयाच्या वाढदिवसाला पंचक्रोशीची क्विझ व्हायची. कणारन, मम्मद आणि नाणू या तिघांनी सलग सहा वर्षं तिथली ढाल शेडमध्ये आणली. ती स्टुलामागच्या भिंतीवर टांगलेली असायची. शाळामास्तर हरले, बँकेचे कारकून हरले, सरकारी परीक्षांची जाडजूड गाइडं पाठ केलेली पोरं हरली. कणारन घरी जाताना मुद्दाम बँकेच्या दारावरून जायचा.

मग एक्याण्णव साली शेड चालवणाऱ्या सोसायटीनं अच्युतनला मॅनेजर म्हणून पाठवलं. माणूस इस्त्रीचा. त्यानं आठवडाभर शेडच्या दारात उभं राहून बघितलं आणि मग म्हणाला की एक धडधाकट माणूस दिवसभर नुसता बसून बोलतो, हे कुठल्या काळातलं आहे? त्यापेक्षा एक रेडिओ ठेवू. बातम्याही ऐका, गाणीही ऐका, आणि वाचकाच्या वाटच्या विड्या कुणाला वळायला नकोत.

धडधाकट म्हणाला तो. सहदेवननं उजवा हात कमरेला नेसलेल्या मुंडूच्या घडीत सरकवला. ते कणारननं बघितलं. तो सुपासकट उभा राहिला. वास्तविक युनियन होती, बैठक घेता आली असती, अर्ज करता आला असता. पण थोरल्या भावाला कुठला दम धरवतोय.

"ती ढाल दिसते का?" तो म्हणाला. "ती या स्टुलानं मिळवलीय. पुढच्या महिन्यात सातव्यांदा आणतो. नाही आणली, तर तुमचा रेडिओ मी स्वतः या स्टुलावर ठेवीन. तो वाचेल आणि आम्ही ऐकू."

"सगळ्यांसमोर बोलतोयस," अच्युतन म्हणाला.

"मी कोपऱ्यात कधी बोलतच नाही."

नाणू हळूच म्हणाला, अरे, स्टूल भावाचं आणि पैज तू लावतोस, त्याला विचारलंस का? कणारननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सहदेवननं घसा साफ केला आणि अर्धी राहिलेली बातमी पुढे वाचायला घेतली.

क्विझच्या दिवशी दुपारपासून वाचनालयाचा हॉल भरला. या खेपेला प्रश्न विचारायला शहरातल्या कॉलेजचे जयशंकर माश, म्हणजे मास्तर, आले होते आणि बरोबर चित्रं मोठी करून भिंतीवर पाडणारं एक यंत्र आणलं होतं. भिंतीवर पांढरी चादर ताणली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. शेवटची फेरी चित्रांची, असं त्यांनी जाहीर केलं. शहरात आता सगळीकडे असंच असतं म्हणे.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखं चाललं. सगळ्यात खोल सरोवर? बैकल. पहिला उपग्रह कधी उडाला? सत्तावन्न साली, ऑक्टोबरच्या चार तारखेला, स्पुत्निक, आणि पुढच्याच महिन्यात लायका कुत्री गेली तेही लिहून घ्या, कणारन म्हणाला. भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्ण कुठलं, ते मम्मदनं प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं, ॲमस्टरडॅम. चित्रांची फेरी आली तेव्हा शेडवाले कॉलेजच्या पोरांपेक्षा पाच गुणांनी पुढे होते. अच्युतन दुसऱ्या रांगेत बसून रुमालानं मान पुसत होता.

प्रत्येक संघाला एक चित्र, दहा गुण. पोरांना डोंगरावरचं मोडकं शहर दाखवलं. माचू पिचू, ती म्हणाली. झालं, पोरं पाच गुणांनी पुढे गेली. आता शेडवाल्यांचं चित्र बरोबर आलं की ढाल त्यांची.

खट् आवाज झाला आणि चादरीवर एका बाईचं तोंड आलं. डोक्यावर मुकुट, मान एका बाजूला वळलेली, मागे काळा रंग. दारापेक्षा उंच. वर-खाली इंग्रजी अक्षरं होती, ती कणारनला कुठून वाचता येणार?

"हे काय आहे?" माशनी विचारलं.

कणारनच्या आजीच्या गाठोड्यात जुनं नाणं होतं, त्यावर हेच तोंड. त्याला हसूच आलं. इतकं सोपं? त्यानं मम्मदला विचारलं नाही, नाणूला विचारलं नाही. "व्हिक्टोरिया राणी," त्यानं ठणकावून सांगितलं, आणि वर अच्युतनकडे बघून मिशीवर हात फिरवला.

"चूक," माश म्हणाले. "कोण आहे असं मी विचारलं नाही. काय आहे असं विचारलं."

पोरांमधला एकजण उठला. "पेनी ब्लॅक, सर. जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट."

हॉलमध्ये हसू फुटलं. कुणीतरी मागून म्हणालं की कणारन बारशाला आल्यासारखा नाव सांगून बसला. कणारनला क्षणभर काही सुधरेना. तिकीट? तिकीट माणसाच्या नखाएवढं असतं. आणि ही बाई तर दाराएवढी. पण पेनी ब्लॅक हे नाव कानात गेलं मात्र आणि सहदेवनचा आवाज डोक्यात सुरू झाला.

"माश, थांबा," तो उभा राहून म्हणाला. "अठराशे चाळीस, मे महिना, इंग्लंड. त्याच्यावर देशाचं नाव नाही. कडांना भोकं नाहीत, कात्रीनं कापायचे. पुढच्याच वर्षी काळा रंग काढून तांबडा केला. का केला, ते विचारा या पोरांना. विचारा ना."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"काळ्यावर शिक्का नीट दिसेना. लोक शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा चिकटवायचे, म्हणून. आता सांगा, कुणाला माहीत आहे? यांना का मला?"

जयशंकर माशनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो, पण बोलायला नको ते बोलून गेला. "कणारन, हे सगळं ऐकीव. वस्तू समोर आली तर ओळखता येत नाही. ऐकीव माहितीला ज्ञान म्हणत नाहीत."

ऐकीव! जन्मभर ज्याच्या तोंडून ऐकलं तो तिसऱ्या रांगेत हात मुंडूत लपवून बसलेला, आणि त्याच्यादेखत हे. न्यूटन याच्या मळ्यात भेटला होता का? यानं काँगो पोहून बघितलीय का? यानंही कुणाचं तरी छापलेलंच वाचलं, आणि कणारननं वाचलेलं ऐकलं. मध्ये फरक एका भावाच्या गळ्याचा. हे सगळं बोलायचं होतं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या. पोरांनी ढाल उचलली तेव्हा मम्मदनं त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

सांजवेळी दोघं भाऊ नदीच्या बांधावरून घरी निघाले.

"फोटो आला होता त्या तिकिटाचा, एट्टा," सहदेवन म्हणाला. थोरल्या भावाला तिकडे एट्टा म्हणतात. "दोन वर्षांमागे, रविवारच्या पुरवणीत. मी खालची माहिती वाचली."

"मग दाखवला का नाहीस?"

"कुणाला दाखवू? सव्वीस वर्षांत कुणी मान वर केली का?"

कणारन चालता चालता थांबला. खरंच होतं. चाळीस माणसांनी जग सगळं ऐकलं होतं आणि कुणालाही कधी बघावंसं वाटलं नव्हतं. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, नजर सुपात.

"आणि स्टूल माझं होतं," सहदेवन म्हणाला. "पैज लावताना मला विचारायचं होतंस."

नाणूनं त्या दिवशी हेच म्हटलं होतं, ते कणारनला आता ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी अच्युतन नवा कोरा रेडिओ घेऊन हजर. नाणू म्हणाला, युनियनला कळवू. कणारननं नाही म्हटलं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर करणार. त्यानं स्वतःच्या हातानं रेडिओ स्टुलावर ठेवला. रात्रभर काहीतरी घोळवलेला माणूस दिसत होता तो. सहदेवन दाराशी उभा राहिला, पाहुण्यासारखा. रिकामी भिंत बघवत नव्हती.

रेडिओनं बातम्या सुरू केल्या. कुठेशी वादळ झालं, किती माणसं बेघर झाली ते सांगितलं.

"पुन्हा," कणारन म्हणाला.

रेडिओ पुढच्या बातमीवर गेला. कणारननं हातातली विडी सुपात ठेवली आणि हात गुडघ्यांवर घेतले. "पुन्हा."

मम्मदला आधी कळलं. त्यानंही हात थांबवले आणि म्हणाला, पुन्हा. मग नाणू. मग ओळीच्या ओळी. रेडिओवर गाणं लागलं आणि चाळीस माणसं हात गुडघ्यांवर ठेवून शांतपणे त्याला सांगत राहिली, पुन्हा.

अच्युतन धावत आला. काय लावलंय हे, शब्द दिला होता ना?

"शब्द पाळतोय," कणारन म्हणाला. "मी म्हणालो होतो, तो वाचेल आणि आम्ही ऐकू. आम्ही ऐकतोच आहोत. पण शेडचा नियम सगळ्या वाचकांना सारखा. पुन्हा म्हटलं की पुन्हा वाचायचं. माझा भाऊ सव्वीस वर्षं वाचत आलाय, एकदाही नाही म्हणाला नाही. तुमच्या वाचकाला सांगा."

"यंत्र आहे ते."

"मग स्टुलावरून उठवा त्याला."

तीन दिवस असं चाललं. ओळ पुन्हा ऐकायला मिळेपर्यंत हात हलायचे नाहीत, आणि रेडिओ काही पुन्हा बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विड्यांचे कट्टे निम्मेसुद्धा भरले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं होतं. रेडिओ अच्युतनच्या टेबलावर गेला होता आणि अच्युतन कागदात डोकं घालून बसला होता. चुकलो वगैरे तो म्हणाला नाही. ते त्याला येतही नसावं.

कणारन स्टुलापाशी गेला. बसायची जागा त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि सगळ्या शेडसमोर भावाला विचारलं, "बसशील का?"

सहदेवन बसला. पण त्यानं वर्तमानपत्र उघडलं नाही. वाचनालयातून आणलेली दोन वर्षांपूर्वीची पुरवणी पिशवीतून काढली आणि म्हणाला, आधी माना वर करा. मग उतरून ओळीओळीतून फिरला, तीन बोटं नसलेल्या त्या हातातच कागद धरून, प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर नेत. कुणाला घाई नव्हती. मम्मदनं तर दोनदा बघितलं.

कणारनपाशी कागद आला. खरं तिकीट असतं तेवढंच छापलेलं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं. त्यानं बराच वेळ निरखलं, मग सुपातला एक बांधलेला कट्टा उचलून त्याच्या शेजारी धरला.

"एवढंसं?" तो म्हणाला. "माझ्या कट्ट्यावरचं लेबल याच्यापेक्षा मोठं आहे." मग कागद परत देत म्हणाला, "खालची ओळ वाच. आणि ऐक, वाचनालयवाल्यांना सांग, त्या माशला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा."