राउटरखालचा रुमाल
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की दौंडमधल्या आमच्या दोन खोल्यांतली ती एप्रिलची दुपार आठवते. मी घरातला पहिला पदवीधर. एम.एस्सी.च्या ऑनलाइन प्रवेशअर्जाची मुदत त्या दिवशी पाचला संपणार होती. आमचं नवं ब्रॉडबँड सकाळी धावायचं आणि दुपारी रांगायचं. त्या दिवशी तर अर्ज अर्ध्यावर जाऊन तीनदा अडकला. लाइनमन मामांना बोलावलं. त्यांनी तार तपासली, मग राउटरवर हात ठेवला. "आरं, याला तर ताप आलाय! आत पंखा न्हाई, ह्या भोकांतनंच वारा खातंय ते. लय तापलं की मंदावतं. आन् तुम्ही त्याला शाल पांघरलीय व्हय?" ती शाल म्हणजे धूळ बसू नये म्हणून आईनं घातलेला रुमाल होता. लिहिता न येणाऱ्या आईनं माझ्या गुणपत्रिकेवरून बघून रुमालावर लाल दोऱ्यानं माझं नाव भरलं होतं. मी तो ओढून फेकला. "तुझ्या अडाणीपणानं माझं वर्ष जाईल!" आई राउटर खिडकीत ठेवून पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत उभी राहिली. पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. मग तिनं रुमाल उचलून झटकला आणि मामांना हळूच विचारलं, "खाली अंथरला तर चालंल का?" "चालंल की, ताई." त्यानंतर चार राउटर बदलले, आईही गेली. रुमाल अजून राउटरखालीच आहे. माफी मात्र मी तिच्याकडे कधीच मागितली नाही.