ड्रॉइंगमध्ये नसलेला कागद

बेरिल पेटिटच्या बैठकीच्या खोलीत, शेकोटीवरच्या फळीवर एक पितळी घड्याळ आहे. त्याच्या पाठीवर कोरलंय, ‘बी. पेटिट. सतरा वर्षं, एकही परत नाही.’ म्हणजे सतरा वर्षांत तिच्या हातचा एकही ट्रान्सफॉर्मर तपासणीच्या टेबलावरून नाकारला गेला नाही. फेनकोटच्या कारखान्यात असं घड्याळ दुसऱ्या कुणालाच मिळालं नव्हतं. बेरिल दर शनिवारी ते पुसते आणि पाठीवरची अक्षरं दिसावीत म्हणून मुद्दाम तिरकं ठेवते. वेळ बघायची तर मान वाकडी करावी लागते, त्याला तिचा इलाज नाही.

कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. तिथे बनलेल्या रेकॉर्डिंगच्या कन्सोलमधला माइकचा प्रीअँप, म्हणजे माइकमधून येणारा नाजूक आवाज मोठा करणारा तो करडा डबा, आज मिळता मिळत नाही. बेरिलची एकुलती एक मुलगी लॉर्ना तोच डबा नव्याने बनवायला बसली होती. बावन्नाव्या वर्षी, हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करायची पक्की नोकरी सोडून! आठ महिने ती गॅरेजमध्येच होती. बेरिल दुपारी सँडविच घेऊन जायची तेव्हा सकाळचं सँडविच वॉशिंग मशीनवर तसंच पडलेलं असायचं. मुलगी पन्नाशीची झाली म्हणून आईचा जीव टांगणीला लागायचा काही थांबत नाही.

सर्किट मात्र अगदी जुळलं होतं. ट्रान्झिस्टर जुने शोधून लावले होते, कपॅसिटर एकेक मोजून निवडले होते. डब्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे वेढे कसे घ्यायचे ते बेरिलनेच शिकवलं होतं. लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या फटीत किती जाड कागद घालायचा ते कारखान्याच्या जुन्या ड्रॉइंगवर छापलेलंच होतं, त्यामुळे ते विचारायचा प्रश्नच आला नाही.

आणि तरी आवाज जमत नव्हता.

लंडनच्या एका स्टुडिओच्या ग्रॅहम थर्लोने आपला जुना प्रीअँप लॉर्नाकडे पाठवून दिला होता. गुरुवारी तो स्वतः येऊन डोळे मिटून दोन्ही ऐकणार होता. जुना कुठला नि नवा कुठला ते त्याला ओळखता आलं नाही, तर स्टुडिओचं चोवीस प्रीअँपचं काम लॉर्नाचं. ओळखता आलं तर आठ महिने पाण्यात.

सोमवारी गावातला खाटीक क्लाइव्ह स्टिटल आपला टुबा घेऊन गॅरेजमध्ये आला. गावच्या बँडमध्ये तीस वर्षं तो हे अजस्र पितळी वाद्य वाजवतो. खालचे सूर पारखायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. त्याने गाल फुगवून सर्वांत खालचा सूर लावला. जुन्या डब्यातून तो जमिनीतून वर आल्यासारखा आला. नव्या डब्यातून आला तो पाणी घातलेल्या सूपसारखा.

“माझ्या टुबाला सर्दी झाली की काय?” क्लाइव्ह म्हणाला.

“खालच्या टोकाला पडतोय,” मीटरकडे बघत लॉर्ना पुटपुटली.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली बेरिल जागच्या जागी थांबली. हेच शब्द तिने चाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते. ट्रे ठेवून ती घरात गेली आणि घड्याळ पुसत बसली. तो सोमवार होता.

बुधवारी सकाळी लॉर्ना स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती.

“ग्रॅहमला सांगते, येऊ नका. आणि हॉस्पिटलमध्येही विचारते, परत घेतात का ते.”

“एवढ्यात हात टेकलेस?”

“आई, ड्रॉइंग बरोबर आहे. तू शिकवलेले वेढे बरोबर आहेत. मग राहिलं कोण? मीच ना! माझ्या हातातच ते नाही. तुझ्यासारखं मला यायचंच नाही.”

बेरिलला ते सहन होईना. चूक आपली आणि ती डोक्यावर घेऊन बसलीय पोर!

“फोन ठेव,” ती म्हणाली. “ड्रॉइंग चुकलेलं आहे.”

मग तिने सांगितलं. एकाहत्तर साली या प्रीअँपची पहिली खेप निघाली. बेरिलचा पहिला ट्रान्सफॉर्मर तपासणीवरच्या जीनने मीटरला लावला आणि हळूच म्हणाली, खालच्या टोकाला पडतोय गं. नोंद न करता तिने तो टेबलाखालून परत दिला. फटीतला कागद फार जाड आहे हे बेरिलला कळत होतं. ती वर ड्रॉइंग ऑफिसात गेली. टाय लावलेल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “ड्रॉइंग बरोबर आहे. तुम्ही तार गुंडाळा.” दुपारी बेरिलने जेवणाचा डबा उघडला. सँडविच गुंडाळलेल्या कागदाचा कोरा कोपरा कापला, दोन पदर केले, मोजले. ड्रॉइंगवरच्या आठ सहस्रांश इंचाच्या जागी तीन. या वेळी खालच्या सुरालाही मीटरची सुई पडली नाही. तेव्हापासून तार गुंडाळणाऱ्या सगळ्याजणी घरून तोच कागद आणायच्या, आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या कार्डावर सही करायच्या, ‘ड्रॉइंगप्रमाणे’.

“म्हणजे जगातल्या प्रत्येक जुन्या प्रीअँपमध्ये...”

“सँडविचचा कागद आहे. राळेत बंद केलेला. फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि तो फोडायची कुणाची छाती होत नाही.”

“आठ महिने, आई! आठ महिने तू दारात चहा घेऊन उभी होतीस!”

“सोमवारपर्यंत मला काय माहीत, तू तो आठाचा कागद घातलायस ते! मला वाटलं, आता नवीन काही निघालं असेल.” बेरिलने बैठकीच्या खोलीकडे बोट दाखवलं. “आणि सोमवारनंतर... ते घड्याळ आहे ना, ते खोटं आहे. एक परत आला होता.”

लॉर्नाने गाडीची किल्ली उचलली. “चल. कागद आणू.”

दुकानातला कागद बेरिलने बोटांत धरताच खाली ठेवला. त्याला गुळगुळीत लेप होता. दुसरा फार पातळ निघाला. शेवटी दोघी क्लाइव्हच्या दुकानात गेल्या; बेरिलच्या सँडविचचा कागद तेव्हा तिथूनच यायचा.

“सॉसेज नको, नुसता कागद?” क्लाइव्ह म्हणाला. “बेरिल, तुझं वय झालं बघ.”

“तुझ्या बापाच्या वेळचा गठ्ठा माळ्यावर आहे. गप आण.”

क्लाइव्हने तो आणला. बेरिलने एक पान चोळलं, दोन पदर करून मायक्रोमीटरमध्ये धरलं. काटा बरोबर तिनावर थांबला.

गुरुवारी ग्रॅहम भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला. क्लाइव्हने सूर लावला, लॉर्नाने बटण फिरवलं. सहा वेळा. बेरिल हातातला टॉवेल पिळत दारात उभी होती.

“पहिला जुना,” ग्रॅहम म्हणाला. “पहिला, तिसरा आणि सहावा.”

“ते तिन्ही माझे,” लॉर्ना म्हणाली.

ग्रॅहम वळला. “चार जणांनी बनवलेले मी नाकारलेत. सगळे ड्रॉइंगप्रमाणे होते. तू काय केलंस?”

लॉर्नाने आईकडे पाहिलं. “ते यांना विचारा. मूळचे यांनीच बनवलेत.”

बेरिलला तोंड लपवायला जागा नव्हती. तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि सगळं सांगितलं. टेबलाखालून परत आलेला ट्रान्सफॉर्मरसुद्धा.

“सँडविच कसलं होतं?” ग्रॅहमने विचारलं.

“अंड्याचं. चीजचा कागद चालत नाही. तेल उतरतं.”

तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने बेरिलचा हात हातात घेतला. “मिसेस पेटिट, चाळीस वर्षं मी तुमच्या डब्याची तारीफ करतोय म्हणायचं!”

“मग चोवीस?” लॉर्नाने विचारलं.

“चोवीस.”

तो गेल्यावर लॉर्नाने ड्रॉइंग टेबलावर पसरलं. खालच्या कोपऱ्यात बदल नोंदवायची लहानशी चौकट असते. सतरा वर्षांत तिथे फक्त वरच्या मजल्यावरच्यांनीच सही केली होती. लॉर्नाने लिहिलं, ‘फटीत सँडविचचा कागद.’

“दोन पदर लिही,” बेरिल म्हणाली. “आणि जाडी लिही. नाहीतर कुणी काहीही घालेल.”

लॉर्नाने ते लिहिलं आणि पेन आईपुढे धरलं.

बेरिलने चष्मा पुसला. ‘बी. पेटिट’ लिहायचं ती विसरलीच. तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, बेरिल मार्जरी पेटिट. चौकट लहान, नाव बाहेर गेलं. तिने ते खोडलं नाही.