पायगुणाची तपासणी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींना सुनेत्राकाकूंसमोर ‘त्यामुळे’ म्हणायची चोरी होती. हळदीचं दूध प्यायले, त्यामुळे खोकला गेला, असं कुणी म्हणालं की काकू विचारायच्या, "न पिता गेला नसता कशावरून?" काकू आधी नर्स, मग डॉक्टरेट. आता शिकागोतल्या एका इस्पितळात त्यांचं काम एकच: नर्सिंगच्या संशोधनात ‘अमक्यामुळे तमकं झालं’ असं आकडेवारीवरून ठरवणारी कॉम्प्युटरची मॉडेलं तपासायची. बहुतेकांना त्या नापास करत आणि त्या दिवशी जेवण अंमळ जास्त जाई.

गेल्या हिवाळ्यात एका मॉडेलने शोध लावला, की शैला नावाच्या नर्समुळे पेशंट दगावतात. साहेबांनी तिला काढायचंही ठरवलं. मीटिंगमध्ये काकूंनी त्यांची बिनपाण्याने हजामत केली. "ती सगळ्यांत हुशार, म्हणून अत्यवस्थ पेशंट तिच्याकडे देता आणि वर तिलाच दोष? आधी काय घडलं, नंतर काय, एवढं तरी बघा!" शैलाची नोकरी वाचली आणि काकूंचा भाव वधारला.

त्याच आठवड्यात मुलगा ओजस त्याच्या मैत्रिणीला, सियाला घेऊन घरी आला. लग्न करायचं म्हणाला. दुसऱ्याच दिवशी ओजसची नोकरी गेल्याचं कळलं, काकूंचे यजमान प्रसन्नकाका बर्फावर घसरून मनगट मोडून बसले आणि पाइप फुटून बेसमेंटमध्ये पाणी भरलं.

"मला हिचा पायगुण काही बरा दिसत नाही," काकू स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाल्या. "लग्नाचं तूर्त राहू दे."

"अगं, पाइप थंडीने फुटला!"

"आणि बाकीचं? सगळं एकदम कसं?"

ओजस दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, जॉब ऑक्टोबरमध्येच गेला. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. मी बेडमधून उठतच नव्हतो. ते कळलं म्हणून सिया तिकडे लांब बॉथेल गावातला जॉब सोडून माझ्याकडे आली. तीच म्हणाली, घरी चल, सांगून टाक."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाकडे बघवेना, तशा त्या बेसमेंटमध्ये उतरल्या. सिया घोटाभर पाण्यात उभी राहून बादलीने पाणी उपसत होती.

"सिया, मला माफ कर गं."

"कशाबद्दल, काकू?"

काकूंना कारण सांगता आलं नाही.